आवक, जावक आणि प्रिंटर

सरकारी कार्यालयाच्या आकृतिबंधात सगळी पदं असतात. कार्यालय अधीक्षक असतो, वरिष्ठ लिपिक असतो, कनिष्ठ लिपिक, शिपाई, वाहनचालक असतो; काही ठिकाणी वाहन नसतं, तरी वाहनचालक असतो. एकच पद कुठल्याही आकृतिबंधात सापडत नाही आणि प्रत्येक कार्यालयात ते भरलेलं असतं. त्याला वेतनश्रेणी नाही, जाहिरात नाही, बिंदुनामावली नाही. प्रिंटर अडला की खोलीतल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळतात. त्या दिशेला जो बसलेला असतो, तो या पदावर.

आमच्याकडे त्या दिशेला नाना बसतात.

कागदोपत्री नानांकडे आवक-जावक. आलेल्या टपालावर शिक्का मारून क्रमांक टाकायचा, जाणाऱ्या टपालाला क्रमांक देऊन पाकीट चिकटवायचं. टंकलेखनाची मराठी तीसची परीक्षा त्यांनी टाइपरायटरवर दिली, त्यामुळे आजही कीबोर्डवर त्यांची बोटं पडतात ती मागच्या टेबलावर ऐकू येतात. पुढे सगळ्यांबरोबर एमएस-सीआयटी झाली. त्यात प्रिंटरबद्दल काय शिकवलं होतं, असं मी एकदा विचारलं. "फाइलमध्ये जाऊन प्रिंट म्हणायचं. आली तर आली," नाना म्हणाले. "नाही आली तर काय, ते पुस्तकात नव्हतं." त्यांची निम्मी नोकरी या पुस्तकात नसलेल्या भागात गेली.

"नाना, प्रिंट येईना," अशी हाक आली तरी ते लगेच उठत नाहीत. हातातल्या टपालावर शिक्का मारतात, तारीख नीट उमटली का बघतात, चष्मा नाकावर खाली घेतात आणि बसल्या जागेवरून विचारतात, "कोण शिवलं होतं?"

काय झालंय, कधीपासून, कुठला दिवा लागलाय, हे सगळं नंतर. प्रिंटर आपण होऊन बिघडत नाही, त्याच्यामागे माणूस असतो, हा त्यांचा सिद्धान्त आहे, आणि तो खोडून काढणं अवघड आहे. सकाळी झाडू मारताना शिपाई मामांच्या हातून यूएसबीची केबल निघते. मामा प्रामाणिक, ती परत लावतात. पण शेजारच्या भोकात. संगणक म्हणतो, अरे वा, नवीन प्रिंटर आला, आणि त्याच नावापुढे 'कॉपी १' जोडून त्याची वेगळी नोंद करतो. साहेब प्रिंट म्हणतात ती मात्र जुन्याच नोंदीवर जाते, आणि तिथे आता कोणी नाही. पडद्यावर 'ऑफलाइन' अशी अक्षरं येतात आणि समोर प्रिंटर हिरवा दिवा लावून बसलेला असतो.

"त्याला वाटतं, जुना बदली होऊन गेला आणि हा नवीन हजर झाला," नानांनी एकदा साहेबांना समजावलं होतं. "टपाल मात्र अजून जुन्याच्या नावानं चाललंय." इतकं स्वच्छ स्पष्टीकरण साहेबांना त्याआधी कोणी दिलं नव्हतं. बदल्या हा त्यांचा विषय. उपाय दोन आहेत: नव्या नोंदीला डिफॉल्ट करायचं किंवा केबल पहिल्या भोकात परत घालायची. नाना नेहमी दुसरा करतात. पहिल्या भोकाशेजारी त्यांनी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला आहे. ती नेलपॉलिश कोणाची, हे कार्यालयात अजून उघड झालेलं नाही.

दुसरा नेहमीचा आजार रांगेचा. कोणी एक प्रिंटची कमांड देतो. पाच सेकंदांत कागद आला नाही म्हणून पुन्हा देतो. मग माऊस जोरात दाबून देतो. मग प्रिंटर बंद करून चालू करतो. एव्हाना रांगेत त्याच पत्राच्या सात प्रती उभ्या असतात, त्यांतली पहिली अर्धवट अडकलेली असते, आणि पुसायला गेलं तर तिच्यापुढे 'डिलीटिंग' हा शब्द संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. पुसतोय, पुसतोय, पुसत काही नाही. अशा वेळी नाना खुर्ची ओढून घेतात, खांदा असा वळवतात की मागच्याला पडदा दिसू नये, आणि काळ्या खिडकीत काहीतरी टाइप करतात. बाहेर ऐकू येतात ते फक्त टाइपरायटरचे ठोके. मी बाजूने पाहिलेलं आहे, म्हणून सांगतो: ते स्पूलर नावाची सेवा थांबवतात, विंडोजच्या सिस्टिम-३२ मधल्या स्पूल, त्यातल्या प्रिंटर्स या फोल्डरमध्ये साचलेल्या फायली उडवतात, आणि सेवा परत सुरू करतात. 'नेट स्टॉप स्पूलर', 'नेट स्टार्ट स्पूलर', मधे एक सफाई. मंत्र एवढाच. पण नाना तो वीस वर्षं खांद्याआड ठेवून आहेत, आणि दर वेळी काम झाल्यावर खुर्ची मागे सारत म्हणतात, "आतलं होतं." आतलं म्हणजे काय, हे विचारायची कोणाची हिंमत होत नाही.

या रांगेचा आणखी एक उपयोग आहे आणि माझ्या मते नानांच्या दराऱ्याचं खरं कारण तेच. रांगेत कागदाचं नाव दिसतं. कोणी कुठल्या मशिनवरून काय छापायला टाकलं, किती पानं, किती वाजता. विनंती बदलीचा अर्ज कोणी तयार केलाय हे नानांना साहेबांच्या आधी कळतं. लेखा शाखेतल्या एकाचा 'बायोडाटा-नवीन-फायनल-२' रांगेत अडकला तेव्हा त्याचं लग्न पुन्हा मोडलंय हे नानांना समजलं. साहेबांच्या मुलाच्या 'पाणी वाचवा' प्रकल्पाची चाळीस रंगीत पानं काळ्या-पांढऱ्या प्रिंटरकडे गेली होती, तीही नानांनीच सोडवून दिली. यातलं एकही अक्षर त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. अडकलेला कागद ते उलटा धरून आणतात, ज्याचा त्याच्या टेबलावर पालथा ठेवतात आणि "तुमचं टपाल" म्हणून निघून जातात. त्यामुळे नानांशी भांडण काढायला कोणी धजत नाही. वार्षिक गोपनीय अहवाल साहेब लिहितात. खरा गोपनीय अहवाल नानांकडे असतो.

आमचा तालुका पावसाचा. जूनमध्ये ढग खिडकीतून आत येतात आणि फायलींवर बुरशी धरते. कागद दमट झाला की दोन-दोन पानं चिकटून आत जातात आणि मधेच चुरगळून बसतात; आणि लेझर प्रिंटरमध्ये तर शाईची पूड कागदावर विजेच्या भाराने ओढली जाते, कागद ओला असला की तो भार टिकत नाही आणि अक्षरं फिकी उमटतात. हे शास्त्र नानांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांनी आपलं आपण ओळखलं की पावसाळ्यात प्रिंटर बिघडत नाही, कागद बिघडतो. म्हणून त्यांच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात एक जुना पिवळा बल्ब दिवसभर जळतो आणि त्याच्या वरच्या कप्प्यात कागदाची रिमं असतात. कोणी रिम फोडून उघडी टाकली की नाना न बोलता ती वेष्टनात परत गुंडाळतात. लेखापरीक्षणात त्या बल्बबद्दल विचारणा झाली होती. "अभिलेख संरक्षण," असं नानांनी उत्तर दिलं आणि परिच्छेद वगळला गेला.

हे झालं नव्या कागदाचं. आमच्याकडे काटकसरीचं परिपत्रक निघाल्यापासून पाठकोरे कागद वापरतात. कल्पना उत्तम आहे. पण पाठकोऱ्या गठ्ठ्यातला एखादा कागद आपली पिन घेऊनच प्रिंटरच्या पोटात शिरतो. आत ड्रम नावाचं एक गुळगुळीत हिरवं-निळं नळकांडं असतं, त्यावर पिनेचा ओरखडा पडला की पुढच्या प्रत्येक पानावर डाग. परिपत्रकाने वाचवलेले कागद एकीकडे आणि एका ड्रमची किंमत दुसरीकडे, हा हिशोब अजून कोणी मांडलेला नाही. मांडायचा झाला तर तोही पाठकोऱ्या कागदावरच मांडावा लागेल.

डाग कुठून येतो हे ओळखायची नानांची पद्धत बघण्यासारखी आहे. ते पान उजेडाला धरत नाहीत, वासही घेत नाहीत. टेबलाच्या खणातून स्टीलची पट्टी काढतात आणि दोन डागांमधलं अंतर मोजतात. "साडेसात सेंटीमीटर. ड्रम." आमच्या त्या छोट्या लेझर प्रिंटरमधला ड्रम चोवीस मिलिमीटर जाडीचा, म्हणजे त्याचा एक फेरा साधारण साडेसात सेंटीमीटरचा, फेऱ्यामागे एक डाग. अंतर वेगळं भरलं तर गुन्हेगार दुसरा रोलर. अक्षरांवर बोट फिरवल्यावर काळं लागलं तर भाजणारी भट्टी थंड आहे: पूड कागदावर पडते पण वितळून चिकटत नाही. कागद उचललाच जात नसेल तर उचलणाऱ्या रबरी रोलरची पकड गेलीय; त्याला ओल्या फडक्याने पुसायचं, पॉलिश पेपरने घासायचं नाही. घासणारे असतात. त्यांच्याबद्दल नानांचं मत छापण्याजोगं नाही.

आणि तो दिवा. कागद भरलेला आहे, टोनर भरलेला आहे, प्रिंटर मात्र दिवा मिचकावत बसलाय. अशा वेळी दहांतल्या नऊ वेळा परदेशी मापाचा गोंधळ असतो: संगणकात पानाचा आकार 'लेटर' ठरलेला, ट्रेमध्ये ए-फोर. अमेरिकन लेटर साडेआठ बाय अकरा इंच, आपला ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर. प्रिंटर म्हणतो, तो कागद आणा. आपण म्हणतो, हाच आहे. दोघंही थांबून राहतात.

आता ते जुनं मशीन. कार्यालयाच्या कोपऱ्यात, खिडकीपासून लांब, १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स आहे, आणि त्याला जोडलेला एक्सपीचा संगणक. त्या एक्सपीला मिळणाऱ्या सुधारणा ८ एप्रिल २०१४ रोजी जगभर बंद झाल्या. आमच्याकडे ती बातमी पोचली असेल, पण तिला आवक क्रमांक पडला नाही. कारण त्या संगणकात भविष्य निर्वाह निधीच्या खात्यांचा जुना फॉक्सप्रो प्रोग्रॅम आहे. तो कोणी लिहिला, कोणालाच आठवत नाही. नव्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर डॉसच्या काळातले सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, आणि नव्या संगणकांना मागे पंचवीस टाचण्यांचं ते रुंद भोकही नसतं. म्हणून तो संगणक तिथेच. त्याला इंटरनेट नाही, त्यामुळे त्याला व्हायरसही नाही. नानांच्या मते कार्यालयातला तो एकमेव निर्व्यसनी कर्मचारी.

डॉट मॅट्रिक्सला लोक हसतात. कर्र-कर्र आवाज, भोकांच्या पट्ट्या, फिकी अक्षरं. पण कागदावर ठोका मारणारा तेवढा एकच उरलाय. तीन प्रतींच्या कार्बनवर लेझर काय करणार? वरच्यावर छापून मोकळा. ठोका असेल तरच खालच्या प्रतीपर्यंत पोचतो, हे टाइपरायटरवर वाढलेल्या नानांना वेगळं शिकावं लागलं नाही. अक्षरांतून आडवी पांढरी रेघ जायला लागली की ते लगेच म्हणतात, "एक पिन मेली." हेडमध्ये नऊ पिना, एक गेली की अक्षराचा तेवढा थर गायब. रिबन सुकली म्हणून कोणी तिच्यावर शिक्क्याच्या पॅडची शाई ओतली तर ते अंगावर येतात, कारण रिबनच्या शाईत पिनांना लागणारं वंगण असतं आणि शिक्क्याच्या शाईत नसतं. कागद दोन दिवस झकास निघतात आणि तिसऱ्या दिवशी हेड अडकतं.

या प्रिंटरला बाजूला एक गोल मूठ आहे, कागद वर-खाली करायची. मशीन चालू असताना ती फिरवायची नाही, कारण पान कुठे सुरू होतं याचा हिशोब प्रिंटर स्वतः ठेवतो; हाताने फिरवलं की त्याला कळत नाही, आणि तिथून पुढे प्रत्येक खातं दोन ओळी सरकून पुढच्या पानात घुसतं. नव्याने रुजू झालेल्या एका साहेबांनी ती मूठ मोठ्या आत्मविश्वासाने फिरवली होती. नाना उठले, आणि नोकरीत पहिल्यांदा त्यांना एका वर्ग-दोन अधिकाऱ्याला "कोण शिवलं होतं?" असं विचारता आलं नाही. ते नुसते म्हणाले, "सर, त्याला बटण आहे." साहेब "हो का, हो का" करत आत गेले. पुढच्या महिन्यात नानांचं रजा रोखीकरण विनाशेरा मंजूर झालं.

देखभालीचं कंत्राट दिलेलं आहे, नाही असं नाही. एएमसीवाला पोरगा मोटारसायकलवरून येतो, पाठीवर सॅक, कानात वायर. त्याच्याजवळ तीन निदानं आहेत: ड्रायव्हर करप्ट झालाय, टोनर ओरिजिनल नाही, फॉरमॅट मारायला लागेल. कुठलंही दुखणं या तिघांत बसतं. नाना त्याला खुर्ची देतात, चहा सांगतात, सेवा अहवालावर सही करतात आणि तो गेल्यावर मशीन दुरुस्त करतात. एकदा त्याने जुन्या प्रोग्रॅमची छपाई नव्या यूएसबीच्या प्रिंटरवर घ्यायचा चंग बांधला होता. प्रोग्रॅम हट्टी, छापीन तर एलपीटी-वनवरच. पोरगा दुपारपर्यंत घामाघूम. शेवटी नानांनी पाकिटातून घडी घातलेली चिठ्ठी काढली: प्रिंटर शेअर करायचा आणि 'नेट यूज' लावून ते शेअरचं नाव एलपीटी-वनच्या गळ्यात बांधायचं. चिठ्ठीची मागची बाजू एसटीचं तिकीट होती. पोरग्याने फोटो काढू का विचारलं. नानांनी चिठ्ठी घडी घालून परत पाकिटात ठेवली. हल्ली तो पोरगा दुसऱ्या कार्यालयांतून नानांना फोन करतो. नाना उठून व्हरांड्यात जातात, आवाज खाली घेऊन बोलतात आणि परत येताना त्यांचा चेहरा असा असतो की आवक-जावकच्या टेबलाला तो मोठा होतो.

नानांचा सिद्धान्त एकदाच डळमळला. सप्टेंबर २०२१. सकाळी येऊन बघतो तर शेअर केलेला एकही प्रिंटर दुसऱ्या मशिनवरून चालेना. पडद्यावर शून्य, एक्स, मग शून्यांची रांग आणि शेवटी ११बी. केबल ठिपक्याशेजारी. रांग रिकामी. रिम कोरडी. मामा रजेवर. नानांनी प्रत्येकाला विचारलं, आणि प्रत्येकजण खरंच शिवलेला नव्हता. त्या वर्षी छपाईच्या स्पूलरमधली मोठी सुरक्षेची फट उजेडात आली होती, ती बुजवण्यासाठी आलेल्या अपडेटांनी अशी शेअर केलेली छपाई अनेक देशांत बंद पाडली होती. हे त्यांना संध्याकाळी त्याच पोरग्याने फोनवरून सांगितलं, आणि तेवढं अपडेट काढून टाकायलाही. नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे शिवलंय. पण लांबून."

प्रिंटरवर चिडून माणूस काय करू शकतो याची एक गोष्ट मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत सांगितली. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. झेरॉक्सकडून मिळालेला लेझर प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर; कागद अडकला तर इकडे बसलेल्यांना पत्ता नाही, तासाने जाऊन बघावं तर सगळं ठप्प. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमनने सोय केली होती की कागद अडकताच ज्यांची छपाई रांगेत आहे त्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जावा. नव्याचा मूळ कोड त्याने मागितला, तर ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेचा करार झालाय म्हणून नाही म्हटलं. हा नकार त्याच्या मनात रुतला. १९८३ मध्ये त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि त्यातून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली.

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला. "निरोप गेला, ठीक आहे," ते म्हणाले. "पण उठून कोण जाणार, हे ठरलं होतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या कार्यालयात ते ठरलेलं आहे, आणि कदाचित म्हणूनच आमच्याकडून कुठली चळवळ निघाली नाही.

नाना शिकवत नाहीत, हा त्यांच्यावरचा एकमेव आरोप. खरा आहे. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "शिकवलं तर बिघडवतील. येत नाही म्हणून घाबरून तरी आहेत." पण मग आस्थापनेत एक नवीन मॅडम आल्या, कनिष्ठ लिपिक, वय पंचविशीचं. त्यांनी नानांचा खांदा दोन-तीनदा पाहिला, घरी जाऊन मोबाइलवर बघितलं, आणि तो सगळा मंत्र एका छोट्या फायलीत लिहून पडद्यावर तिचं चित्र ठेवलं. राइट क्लिक करून चालवलं की काळी खिडकी उघडते, स्पूलर थांबतो, सफाई होते, स्पूलर सुरू. खांदा लागत नाही. हे कळलं त्या दिवशी नानांनी टपालाचे क्रमांक दोनदा चुकवले. कोणी प्रिंटरबद्दल हाक मारली तर "मॅडमना विचारा" म्हणायला लागले, तेही अगदी गोड आवाजात, आणि नानांचा गोड आवाज म्हणजे काय हे ठाऊक असल्याने त्या आठवड्यात कोणी फारसं काही छापलंच नाही.

शुक्रवारी सगळे निघून गेल्यावर ते मॅडमच्या टेबलाशी गेले. "बाळ, ते चित्र माझ्याही मशिनवर टाकून दे," म्हणाले. "आणि बाकी कोणाला देऊ नकोस." मॅडमनी टाकून दिलं. नाना अजूनही खुर्ची ओढून, खांदा वळवूनच बसतात. ठोके मात्र आता ऐकू येत नाहीत. त्यांच्या लक्षात आल्यावर ते अधूनमधून उगाच चार बटणं वाजवतात.

जे प्रिंटर नानांच्यानेही उठत नाहीत, त्यांचं वाट बघण्याचं खातं म्हणजे अभिलेख कक्ष. तिथे सहा मेलेले प्रिंटर आहेत. ते फेकता येत नाहीत, विकता येत नाहीत, कारण डेडस्टॉक रजिस्टरला त्यांची नोंद आहे, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर झाल्याशिवाय सरकारी वस्तू मरत नाही. प्रस्ताव जातो, त्रुटी लागून परत येतो, पुन्हा जातो. तो दर वेळी नानांच्याच टेबलावरून जातो आणि नानांच्याच टेबलावर परत येतो, यात मला कधीकधी काहीतरी वाटतं. कारण त्या सहांपैकी एकाचा रोलर आज साहेबांच्या प्रिंटरमध्ये आहे, एकाचं झाकण लेख्यात, एकाची पॉवरची वायर आवक-जावकला. निर्लेखन झालं तर सुटे भाग कुठून आणायचे? एकदा मी प्रस्तावाच्या फायलीवर नुसती नजर टाकली. शेवटची त्रुटी अशी होती की सोबतची यादी अस्पष्ट छापली आहे.

पण नानांना बघायचं तर एकतीस मार्चला. उपकोषागारात देयकं रात्रीपर्यंत घेतात, अनुदानाची स्लिप संध्याकाळी निघते, आणि अशा वेळी टोनर संपणं हे विधिलिखित. गेल्या मार्चला टोनर रात्री आठला संपला. दुकानं बंद. नाना शांतपणे उठले, टोनर बाहेर काढला, दोन्ही हातांनी आडवा धरून डावीकडे-उजवीकडे हलवला (उभा नाही, आडवा, पूड सगळीकडे सारखी पसरली पाहिजे) आणि परत आत सरकवला. वीस पानं काळीशार निघाली. मग डाव्या बाजूने फिकट होऊ लागली. पुन्हा हलवला. सहा पानं. मग डावीकडच्या दोन बोटांच्या पट्टीत काही उमटेचना. साहेब येरझाऱ्या घालत होते. देयकात अजून अकरा पानं होती.

नाना संगणकाशी बसले आणि त्यांनी डावा समास दोन बोटं वाढवला. अक्षरं सगळी उजवीकडे, जिथे पूड शिल्लक होती तिथे सरकली. अकराही पानं निघाली. शेवटच्या पानावरची साहेबांच्या पदनामाची ओळ उजव्या कडेला टेकली होती, पण होती.

उपकोषागारातल्या लिपिकाने देयक उलटसुलट पाहिलं. वर्षभरात त्याला आमच्यात खोड सापडली नव्हती, अशी संधी तो कशी सोडणार. "समास फार सोडलाय," तो म्हणाला. "का?"

"शेऱ्यांसाठी," नाना म्हणाले. "दर वेळी तुम्हाला जागा पुरत नाही."

देयक पास झालं.

मे महिन्यात त्यांच्या मुलीच्या प्रवेशपत्राची प्रिंट काढायची होती, तेव्हा मी त्यांच्याबरोबर स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. कार्यालयात खाजगी प्रिंट ते कधी काढत नाहीत, आणि घरी प्रिंटर नाही. तो घ्यायचा विचारही करवत नाही, म्हणतात. दुकानातल्या पोराने कमांड दिली. कागद आला नाही. पोराने पुन्हा दिली. मग पुन्हा. मग प्रिंटर बंद करून चालू केला, झाकण उघडलं, आपटून लावलं. रांग वाढताना पडद्यावर स्पष्ट दिसत होती. मी नानांकडे बघितलं. ते हात मागे बांधून भिंतीवरचा लॅमिनेशनचा दर वाचत होते. पंचवीस मिनिटांनी प्रवेशपत्राच्या चार प्रती निघाल्या. नानांनी चारांचे पैसे दिले आणि आम्ही बाहेर पडलो.

"सांगितलं असतंत तर एका मिनिटात झालं असतं," मी म्हणालो.

"त्याचं दुकान आहे," नाना म्हणाले. "तिथं आपण शिवू नये."